सारा ब्यर्क गुन्नर्सडोट्टिर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आइसलँडच्या या फुटबॉल मिडफिल्डरबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधे, पुढे किचकट. एखाद्या उत्तराचा भाग दुसरीकडे आला असेल तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सारा ब्यर्क नेमकी कोण? दोन ओळींत सांगा.

जन्म २९ सप्टेंबर १९९०, राजधानी रेक्याविकजवळच्या हाप्नार्फ्यर्दुर गावात. आइसलँडसाठी १४५ सामने आणि २४ गोल, युरो या युरोपीय देशांच्या दोन स्पर्धांत कर्णधार, स्वीडन आणि जर्मनीत प्रत्येकी चार लीग विजेतेपदं, ल्यों क्लबकडून चॅम्पियन्स लीग ही युरोपातल्या क्लबांची स्पर्धा. फुटबॉल न बघणाऱ्यांनीही तिचं नाव ऐकलं ते गरोदरपणातल्या पगाराच्या खटल्यामुळे (प्रश्न ११).

२. 'गुन्नर्सडोट्टिर' हे तिचं आडनाव का?

नाही. गुन्नरची मुलगी, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव अशी तीन पदं असतात; त्यातलं तिसरं काढून टाका, म्हणजे आइसलँडची पद्धत होते. तिच्या सख्ख्या भावाच्या नावापुढे 'गुन्नर्सन' लागेल. त्यामुळे दोन खेळाडूंच्या नावाचा शेवट सारखा दिसला म्हणून त्या बहिणी ठरत नाहीत, दोघींच्या वडिलांचं नाव एक आहे एवढंच कळतं.

आइसलँडची वर्तमानपत्रं तिला 'सारा ब्यर्क' म्हणतात. तिथली टेलिफोन डिरेक्टरीसुद्धा पहिल्या नावानं लावलेली असायची. जर्मन, फ्रेंच आणि इंग्रजी समालोचक मात्र 'गुन्नर्सडोट्टिर' म्हणत राहतात. म्हणून जुन्या बातम्या शोधताना दोन्ही नावं टाकून बघा. एकाच नावानं शोधलं तर अर्धा माल हाती लागत नाही.

३. उच्चार कसा करायचा? प्रत्येक जण वेगळा करतो.

'ब्यर्क' मधला स्वर 'ओ' नाही. ओठ गोल करून 'ए' म्हणायला गेलात की जवळ पोचाल. 'डोट्टिर' मध्ये जोड-ट च्या आधी हलका श्वास सुटतो, 'डोह्टिर' सारखा. गावाच्या नावात लिहितात 'फ्न', पण बोलताना 'प्न' होतं, म्हणून हाप्नार्फ्यर्दुर. ब्रेदाब्लिक क्लबच्या नावातला 'द' दंताला जीभ लावून मऊ काढायचा. लिपीत ते अक्षर आडवी रेघ मारलेल्या वाकड्या डी सारखं दिसतं. साध्या कीबोर्डवर ते नसल्यामुळे परदेशी याद्यांत त्याचा सर्रास 'डी' होतो.

४. ती कोणकोणत्या क्लबांकडून खेळली?

क्रम असा आहे:

- हौकार (हाप्नार्फ्यर्दुर): घरचा क्लब, इथेच घडली
- ब्रेदाब्लिक (कोपावोगुर): २०१० च्या हंगामापर्यंत
- माल्मो, स्वीडन: २०११ ते २०१६. २०१३ च्या हंगामानंतर याच क्लबचं नाव रोसेनगार्ड झालं; दोन क्लब समजू नका
- वोल्फ्सबुर्ग, जर्मनी: २०१६ ते २०२०
- ऑलिंपिक ल्यों, फ्रान्स: २०२० ते २०२२
- युव्हेंटस, इटली: २०२२ ते २०२४
- अल-कादसिया, सौदी अरेबिया: २०२४ पासून

स्वीडनची लीग २०११, २०१३, २०१४ आणि २०१५ मध्ये जिंकली. वोल्फ्सबुर्गमध्ये तिचे चार हंगाम झाले आणि चारही हंगामांत क्लबनं लीग आणि जर्मन चषक दोन्ही उचलले. फ्रान्समध्ये एक लीग आणि एक फ्रेंच चषक, इटलीत २०२२-२३ चा इटालियन चषक आणि नंतर सुपर कप.

५. चार लाखांहून कमी वस्तीच्या देशातून अशा खेळाडू येतात कशा?

थंड हवा, काटक माणसं वगैरे उत्तरं सोडून द्या. खरं कारण छप्पर आणि प्रशिक्षक.

तिथे बाहेरच्या मैदानावरचा हंगाम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर एवढाच. उरलेले महिने वारा आणि बर्फ. २००० साली केफ्लाविकजवळ रेक्यानेसहोल हे पूर्ण मापाचं बंदिस्त मैदान उभं राहिलं, २००२ मध्ये कोपावोगुरला फीफान हे तसंच दुसरं. पुढे अशी आणखी सभागृहं झाली. आत कृत्रिम गवत, वर छप्पर. जानेवारीतही मुलं अकरा विरुद्ध अकरा खेळू शकतात. साराच्या पिढीच्या ऐन घडणीच्या वर्षांत हा बदल झाला.

दुसरी गोष्ट, दहा वर्षांच्या मुलींनाही पगारी आणि युएफाचा (युरोपच्या फुटबॉल संघटनेचा) परवाना असलेला प्रशिक्षक शिकवतो. हौशी पालकाच्या शिट्टीवर काम भागवत नाहीत. मुलं-मुली एकाच क्लबात, त्याच मैदानांवर असतात.

आणि तिसरी गोष्ट वस्तीच्या आकड्यामुळेच घडते. खेळाडू कमी, म्हणून चांगली मुलगी लवकर वरिष्ठ संघात येते. साराचा राष्ट्रीय संघातला पहिला सामना ऑगस्ट २००७ मध्ये स्लोव्हेनियाविरुद्ध झाला, तेव्हा ती १६ वर्षांची होती. मोठ्या देशात त्या वयाची मुलगी वयोगटाच्या संघातच अडकून राहते.

६. मग या खेळाडू देश सोडून का जातात? आणि आधी स्वीडनलाच का?

देशातली महिला लीग दहा संघांची आहे आणि हंगाम छोटा. पूर्ण वेळ व्यावसायिक खेळायचं तर बाहेर जावंच लागतं. स्वीडन सोयीचं, कारण हंगाम वसंत ते शरद असाच चालतो, म्हणजे शरीराला नवं वेळापत्रक शिकवावं लागत नाही. शाळेत डॅनिश शिकलेल्या मुलीला स्वीडिश भाषाही फार परकी वाटत नाही.

कागदपत्रांचा मुद्दा लोक विसरतात. आइसलँड युरोपीय संघात नाही, पण युरोपीय आर्थिक क्षेत्रात आहे. त्यामुळे स्वीडन, जर्मनी, फ्रान्स, इटली इथे खेळायला वर्क परमिट लागत नाही. ब्रिटन बाहेर पडल्यापासून इंग्लंडमध्ये मात्र लागतं.

७. ती मैदानात कुठे खेळायची?

मध्यफळीत, बहुतेक वेळा 'आठ नंबर' म्हणतात त्या जागी: स्वतःच्या पेनल्टी क्षेत्रापासून समोरच्या पेनल्टी क्षेत्रापर्यंत. गरज पडली की बचावफळीपुढे थांबायची. तिचा खेळ बघायचा असेल तर चेंडू पायाशी असतानाच्या चित्रफिती बघून फारसं कळणार नाही. चेंडू दुसऱ्या बाजूला असताना ती कुठून धावायला सुरुवात करते ते बघा. हवेतले चेंडू जिंकणं आणि उशिरा पेनल्टी क्षेत्रात शिरणं ही तिची खरी ताकद.

८. चॅम्पियन्स लीग तिनं एकदा जिंकली की दोनदा? साइटवर दोन्ही आकडे दिसतात.

यादीत दोन: २०२० आणि २०२२, दोन्ही ल्योंबरोबर.

२०२० चा अंतिम सामना ३० ऑगस्टला सान सेबास्तियानला झाला. ल्यों ३, वोल्फ्सबुर्ग १. तिसरा गोल साराचा, ८८ व्या मिनिटाला, गोलच्या अगदी जवळून. वोल्फ्सबुर्गच्या पॉपच्या गोलनं सामना २-१ झाला होता आणि वोल्फ्सबुर्ग बरोबरीसाठी धडपडत होतं. साराच्या गोलनं सामना तिथे मिटला. समोरचा संघ तिचाच, दोन महिन्यांपूर्वी सोडलेला.

२०२२ ला तुरिनमध्ये ल्योंनं बार्सिलोनाला ३-१ हरवलं. सारा बाळंतपणानंतर मार्चमध्येच परतली होती, अंतिम सामन्यात मैदानात उतरली नव्हती. जे फक्त खेळलेले अंतिम सामने मोजतात ते 'एक' लिहितात. आमच्या मते हंगामभराच्या चमूचं विजेतेपद म्हणून दोन लिहिणंच बरोबर, पण तिथे 'अंतिम सामना खेळली नाही' हेही लिहावं.

९. एकाच हंगामात ती आधी वोल्फ्सबुर्गची आणि नंतर ल्योंची कशी? नियमात बसतं का?

एरवी अवघड असतं. २०१९-२० चा हंगाम कोविडमुळे थांबला. उपांत्यपूर्व फेरीपासूनचे सामने ऑगस्ट २०२० मध्ये स्पेनमध्ये, बिल्बाव आणि सान सेबास्तियानला, प्रत्येकी एकाच सामन्याचे झाले. पण खेळाडूंचे करार नेहमीप्रमाणे ३० जूनला संपले. साराचा वोल्फ्सबुर्गशी असलेला करारही तेव्हाच संपला आणि जुलैपासून ती ल्योंची झाली. उरलेल्या सामन्यांसाठी क्लबांना यादीत नवे खेळाडू घेता आले. शरद ऋतूत ज्या क्लबात होती त्याच क्लबाविरुद्ध त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात गोल, हा योगायोग त्या एका वर्षापुरताच शक्य होता.

२०१८ च्या अंतिम सामन्याशी याची गल्लत होते. तो कीवला होता. तेव्हा ती वोल्फ्सबुर्गकडून ल्योंविरुद्ध खेळली, दुखापतीमुळे ५७ व्या मिनिटाला बाहेर गेली आणि जादा वेळेत वोल्फ्सबुर्ग १-४ हरलं.

१०. वर्ल्ड कप का नाही खेळली? आणि युरोमध्ये काय केलं?

आइसलँडचा महिला संघ तिच्या काळात वर्ल्ड कपला पोचलाच नाही. दोनदा मात्र दारापर्यंत गेला.

२०१९ च्या स्पर्धेसाठीच्या पात्रता फेरीत आइसलँडनं ऑक्टोबर २०१७ मध्ये जर्मनीला जर्मनीत जाऊन ३-२ हरवलं. वर्षभरानं सगळं निसटलं. ४ सप्टेंबर २०१८ ला चेक प्रजासत्ताकाविरुद्ध १-१ असताना भरपाईच्या वेळेत पेनल्टी मिळाली, सारानं मारली, गोलरक्षकानं अडवली. प्लेऑफची संधी तिथेच गेली.

२०२३ च्या स्पर्धेसाठी नेदरलँड्सविरुद्ध बरोबरी पुरेशी होती. भरपाईच्या वेळेत गोल बसला, ०-१. मग ऑक्टोबर २०२२ मध्ये पोर्तुगालमध्ये प्लेऑफ, जादा वेळेनंतर १-४. तो तिचा शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना. जानेवारी २०२३ मध्ये तिनं राष्ट्रीय संघातून निवृत्ती जाहीर केली.

युरो मात्र चार खेळली: २००९, २०१३, २०१७, २०२२. सर्वांत पुढची मजल २०१३ ची, उपांत्यपूर्व फेरी. २०१७ ला ती कर्णधार आणि तिन्ही सामने हरले. २०२२ ला पुन्हा कर्णधार, बेल्जियम, इटली आणि फ्रान्स तिघांशी १-१, म्हणजे एकही सामना न हरता घरी. त्याच स्पर्धेआधी तिनं मँचेस्टरच्या अकादमी स्टेडियमवर उघड टीका केली होती. युरोच्या सामन्याला तिथे ४,७०० प्रेक्षक बसणार होते. महिला फुटबॉल कुठे पोचलं आहे हे आयोजकांना ठाऊकच नाही, असा तिचा रोख होता.

११. ल्योंबरोबरचा पगाराचा वाद नेमका काय होता?

बातम्यांमध्ये हे प्रकरण 'गरोदर खेळाडूला क्लबनं काढलं' असं फिरतं. ते चूक आहे. तिला काढलं नव्हतं, पगार पूर्ण दिला नव्हता.

तिचा करार जुलै २०२० ते जून २०२२. एप्रिल २०२१ मध्ये तिनं गरोदर असल्याचं जाहीर केलं आणि क्लबच्या संमतीनं आइसलँडला गेली. त्यानंतर खात्यात ठरलेल्या पगाराऐवजी थोडीशीच रक्कम जमा होऊ लागली. ती फ्रान्सच्या सामाजिक सुरक्षा यंत्रणेकडून येणारी होती. क्लबचं म्हणणं, आम्ही फ्रेंच कायदा पाळतो, त्यापलीकडे आमच्यावर बंधन नाही. तिचं म्हणणं, फिफाचे नियम १ जानेवारी २०२१ पासून लागू आहेत आणि ते याहून जास्त देतात.

खेळाडूंची जागतिक संघटना फिफप्रो तिच्या बाजूनं उभी राहिली आणि तक्रार फिफाच्या न्यायाधिकरणाकडे गेली. निकाल मे २०२२ मध्ये लागला, लोकांसमोर आला जानेवारी २०२३ मध्ये. क्लबनं ८२,०९४.८२ युरो आणि त्यावर ५ टक्के व्याज द्यावं. न्यायाधिकरणाच्या मते प्रसूती रजा सुरू होईपर्यंत पूर्ण पगार देणं क्लबचं काम होतं. क्लबनं तिला दुसरं कुठलं काम देऊ केलं नव्हतं, पुरेशी विचारपूस केली नव्हती, काळजी घेण्याचं कर्तव्य पाळलं नव्हतं. नव्या नियमांखालचा असा हा पहिलाच निकाल.

१२. फिफाचा नियम म्हणजे नक्की काय? हिशेब करून दाखवा.

किमान १४ आठवडे पगारी रजा, त्यातले किमान ८ बाळ झाल्यानंतर. रजेत किमान दोन तृतीयांश पगार. रजा कधी सुरू करायची ते खेळाडू ठरवते. त्याआधी तिला खेळायचं असेल तर (डॉक्टरांची हरकत नसल्यास) खेळता येतं. नसेल तर क्लबनं दुसरं काम द्यायचं, पूर्ण पगारावर. परतल्यावर संघात घेणं आणि बाळाला पाजायची सोय करणंही क्लबकडेच.

समजा पगार महिना ३,००० युरो. वर्षाचे ३६,०००, आठवड्याचे सुमारे ६९२. दोन तृतीयांश म्हणजे सुमारे ४६२. १४ आठवड्यांचे साधारण ६,४६२ युरो. हा भाग छोटा. मोठी रक्कम त्याआधीच्या महिन्यांची असते. गरोदरपण कळल्यापासून रजेपर्यंत सहा महिने गेले, तर पूर्ण पगाराप्रमाणे १८,००० युरो. वाद तिथेच होतात आणि साराचाही तिथेच झाला. म्हणून करार वाचताना १४ आठवड्यांच्या कलमावर थांबू नका, आधीच्या महिन्यांत 'आजारपणाची रजा' असा शब्द घुसवला आहे का ते बघा.

गरोदरपणामुळे करार मोडला तर उरलेल्या कराराच्या भरपाईवर आणखी सहा महिन्यांचा पगार द्यावा लागतो, शिवाय दंड आणि नव्या खेळाडूंच्या नोंदणीवर बंदीची शक्यता. जून २०२४ पासून दत्तक मूल आणि मासिक पाळीतल्या त्रासाबद्दलची कलमंही आली.

१३. आमची मुलगी भारतात क्लबकडून खेळते. हे नियम तिला लागू आहेत का?

प्रसूतीची कलमं प्रत्येक राष्ट्रीय संघटनेवर बंधनकारक आहेत. देशातला कायदा खेळाडूला जास्त देत असेल तर तो चालतो. भारतीय कायद्यात पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे आहेत, पण त्यासाठी खेळाडू कायद्याच्या अर्थानं कर्मचारी ठरावी लागते. करारावर तसं लिहिलं आहे का, हे सहीआधीच वकिलाला विचारा.

खरी अडचण मुदतीची. संरक्षण कराराच्या काळापुरतं आहे. पाच महिन्यांचा करार असेल तर गरोदरपण मुदतीबाहेर जातंच. लेखी आणि नोंदणी झालेला करार नसेल, मानधन हातात दिलं जात असेल, तर दावा उभाच राहत नाही. साराकडे दोन वर्षांचा लेखी करार होता, म्हणून ती लढू शकली.

१४. सामने आणि गोलांचे आकडे वेगवेगळ्या साइटवर वेगळे का?

राष्ट्रीय संघाचे १४५ सामने आणि २४ गोल हा आइसलँडच्या महासंघाचा आकडा धरा. निवृत्तीच्या वेळी तो त्या देशातला महिलांचा सामन्यांचा विक्रम होता. त्याआधीचा विक्रम कात्रिन योन्सडोट्टिरचा, १३३. गोलांचा विक्रम साराचा कधीच नव्हता. तो मार्ग्रेत लाराचा, ७९. क्लबच्या आकड्यांत गोंधळ जास्त, कारण कुठे फक्त लीग मोजतात, कुठे चषक धरून. तुलना करण्याआधी तक्त्याच्या वरची ओळ वाचा.

१५. घरी तिला काय मान मिळाला?

'वर्षाचा खेळाडू' हा क्रीडा पत्रकारांचा सन्मान दोनदा, २०१८ आणि २०२०. हा एकच पुरस्कार असतो, सगळे खेळ आणि स्त्री-पुरुष मिळून.

१६. तिच्यानंतर कुणाकडे बघायचं?

ग्लोदिस पेर्ला विग्गोस्डोट्टिर: मधली बचावपटू, बायर्न म्युनिकची कर्णधार, राष्ट्रीय संघाचीही. स्वेन्दिस जेन योन्सडोट्टिर: वेगवान आघाडीपटू, डिसेंबर २०२४ मध्ये वोल्फ्सबुर्गकडून रोमाविरुद्ध एकाच चॅम्पियन्स लीग सामन्यात चार गोल, मग अमेरिकेत एंजल सिटीकडे. तिचा हातानं केलेला थ्रो-इन जवळजवळ कॉर्नरइतका आत पडतो; बचावफळी कशी मागे सरकते ते एकदा बघाच.

१७. आइसलँडचे सामने भारतीय वेळेनुसार कधी असतात?

रेक्याविकचं घड्याळ वर्षभर बदलत नाही. भारत साडेपाच तास पुढे. तिथला संध्याकाळी ६ चा सामना आपल्याकडे रात्री ११:३० ला. मात्र परदेशातला सामना असेल तर त्या देशाची उन्हाळी वेळ धरा: इंग्लंडमध्ये जुलैत फरक साडेचार तासांचा, जर्मनीत साडेतीन. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपची घड्याळं बदलतात. त्या आठवड्यात वेळापत्रक पुन्हा तपासा, नाहीतर पहिला हाफ हुकतो.